नावाचा रकाना

परत आलेलं पाकीट तिने मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोडलं. त्याआधी मोबाइल स्टँडला लावला, चित्रण सुरू केलं, पाकिटाच्या चारही बाजू दाखवल्या आणि कात्रीसुद्धा दाखवली. कंपनीचा तसा नियम होता. पाकिटावर परतीचं कारण छापलेलं होतं: दोष, चालत नाही.

घड्याळाची डबी तिचीच होती, पट्टाही तिचाच, तबकडीही. चावी दिली, कानाला लावलं. घड्याळ गप्प. मग तिने मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने कोरलेला नंबर होता ४४७१. तोच मशीनच्या कडेलाही असायला हवा होता. तिथे २९०६ होता.

झाकण आणि मशीन, दोन्हीकडे एकच नंबर कोरायचा, ही तिच्या सासऱ्यांची चाळीस वर्षांची पद्धत. टेबलावर आलेल्या प्रत्येक घड्याळाला पुढचा नंबर आणि वहीत त्याची एक ओळ: नंबर, तारीख, नाव, काम. दुकान दहा बाय आठचं. पुढच्या काचेच्या टेबलाशी सासरे बसत, मागच्या फळीवर तिचं पॅकिंग चाले. भंगारवाल्यांकडून ती जुनी चावीची घड्याळं आणायची, सासरे ती चालू करून द्यायचे, ती ऑनलाइन विकायची. तीन वर्षं हे चालू होतं. दुकानाचं भाडं तिच्या विक्रीतून जायचं. सासऱ्यांच्या टेबलावर दिवसाला चार-पाच सेल बदलायला येत, तेवढंच.

तिच्या प्रत्येक घड्याळाखाली एक ओळ हिरव्या अक्षरांत असे: पसंत नसल्यास सात दिवसांत पैसे परत. ती ओळ काढायची मुभा होती. काढली की घड्याळ यादीत नवव्या पानावर जायचं, जिथे कोणी फिरकत नाही.

महिन्याभरात दोन ‘दोष’ तिच्या नावावर आधीच लागले होते. एकाने चावी तुटेपर्यंत पिळली होती. दुसऱ्याने घड्याळ घालून पोहायला उडी मारली होती आणि परतीच्या अर्जात तसं लिहिलंही होतं. तीस दिवसांत तिसरा दोष लागला की विक्रेत्याचं खातं बंद, कायमचं. फळीवर बहात्तर घड्याळं पडून होती.

“बाबा, ह्यातलं मशीन बदललंय.”

सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. “नंबर?”

“झाकणावर चव्वेचाळीस एकाहत्तर. मशीनवर एकोणतीस शून्य सहा.”

“मग दोन्ही माझेच.”

“तुमचे असतील. मी हे मशीन पाठवलेलं नाही. पाकिटात घालण्यापूर्वी मी आतला फोटो काढते.”

“फोटो काढतेस ना? मग दाखव त्यांना फोटो. मला काय दाखवतेस.”

तिने दोन्ही फोटो कंपनीला पाठवले. पाठवताना नंबर स्पष्ट दिसतील असे मोठे केले, बाणाने दाखवले, चार ओळी लिहिल्या. ह्याहून पक्का पुरावा असू शकत नाही असं तिला वाटत होतं. दुपारी चारला उत्तर आलं. ते तिने मोठ्याने वाचलं.

“दोन्ही खुणा एकाच कारागिराच्या हातच्या आहेत. कारागीर विक्रेत्याचाच आहे. सबब वस्तू विक्रेत्याकडूनच सदोष गेली. दावा नामंजूर. अपील एकदाच करता येईल, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.”

“बरोबर बोलतायत,” सासरे म्हणाले.

“तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“मी टेबलाच्या ह्या बाजूने.”

“बाबा, खातं बंद झालं तर पुढच्या महिन्यात टेबलाला दुसरी बाजूच राहणार नाही. भाडं कोण भरणार?”

 सासऱ्यांनी चिमटा पुसला, पुन्हा पुसला.

“एकोणतीस शून्य सहा कुणाचं, ते जुन्या वहीत असेल ना?”

“जुन्या वह्यांना वाळवी लागली.”

“कधी?”

“वाळवी काय तारीख सांगून लागते? आणि गिऱ्हाइकाला चोर ठरवायला मी वही ठेवत नाही.”

साडेचारला ते उठले. छातीत जळजळतंय म्हणाले आणि घरी गेले. एरवी साडेसातच्या आत ते जागचे हलत नसत, आणि टेबलावर काम उघडं टाकून तर कधीच नाही. भिंग तसंच पडलं होतं.

वह्या त्यांच्या स्टुलाखालच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. एकीलाही वाळवी लागलेली नव्हती. प्रत्येक वहीवर कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत ते लिहिलेलं होतं, त्यामुळे शोधायला दोन मिनिटं लागली. २९०६. अकरा वर्षांपूर्वीची ओळ. नावाच्या रकान्यात: गणवेशवाले मास्तर. काम: स्प्रिंग बदलली.

मास्तर मागच्या गल्लीत बसायचे. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश शिवायचे. तिच्या नवऱ्याचे शाळेतले सगळे शर्ट त्यांनीच शिवलेले. नवरा आता लांबच्या गावी नोकरीला होता, पण सणासमारंभात भेटले की मास्तर त्याची आठवण काढायचे, म्हणून ती त्यांना चांगली ओळखत होती. विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता कंपनी विक्रेत्याला दाखवत नाही, नुसता ऑर्डरचा नंबर दाखवते. घड्याळ मागच्या गल्लीत गेलं आणि तिथूनच परत आलं, हे तिला आत्ता कळत होतं.

बुधवारी सकाळी ती गेली तेव्हा मास्तर निळ्या कापडाच्या थप्पीवर खडूने रेघा मारत होते. एका बाजूला नुसत्या कॉलरी, शंभरेक तरी, एकात एक रचलेल्या. उजव्या मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली. डाव्या मनगटावर घड्याळ.

“या वहिनी. माप द्यायचंय?”

“वेळ विचारायला आले काका.”

त्यांनी मनगट न उचलता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “साडेदहा.”

“हातातलं काय सांगतं?”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “हातातलंही तेच सांगतं. वडिलांचं आहे. उत्तम चालतं.”

“कधीपासून?”

“वहिनी, मला संध्याकाळपर्यंत चाळीस शर्ट बेतायचेत. सरळ बोला.”

ती सरळ बोलली. तिने विकलेल्या घड्याळाचं मशीन त्यांच्या वडिलांच्या घड्याळात आहे, त्यांचं मेलेलं मशीन तिच्या घड्याळात घालून परत आलं आहे, आणि आज पाचपर्यंत हे कबूल झालं नाही तर तिचं खातं बंद होईल.

मास्तर ऐकत असताना टाचण्या एका ओळीत लावत होते.

“पैसे परत असं कुणी लिहिलंय? मी लिहिलंय का?”

“पसंत नसेल तर.”

“नाहीच पसंत पडलं. तबकडी पांढरी होती, मला पिवळट हवी. केलं परत.”

“मशीन काढून घेऊन?”

“तुम्ही त्या पडद्यावरच्या दुकानात बसता, तिथे माणूस नाही, तोंड नाही. मी एक शर्ट शिवला आणि दोन महिन्यांनी माणूस घामाचा डाग घेऊन आला, तर त्याला मी पैसे परत देतो का? हाकलतो. तुम्ही देता म्हणून लोक घेतात. मी एकटा नाही.”

“काका, घड्याळ उघडायला यायला लागतं. तुम्ही नाही उघडलंत. कुणी बदललं ते सांगा.”

मास्तर हसले. हे हसू त्यांनी राखून ठेवलेलं असावं. गल्ल्याच्या वरच्या खणातून त्यांनी एक चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिच्यासमोर धरली, हातात दिली नाही.

ती तिच्या दुकानाची पावती होती. अक्षर सासऱ्यांचं. वर मास्तरांचं पूर्ण नाव. काम: ४४७१चं मशीन २९०६मध्ये, २९०६चं ४४७१मध्ये. दोन्ही घड्याळं गिऱ्हाइकाला परत. तारीख गेल्या बुधवारची. खाली छापील ओळ: दिलेले पैसे कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत.

“चोरून नाही केलं काही,” मास्तर म्हणाले. “तुमच्याच टेबलावर, भरदुपारी. तुम्ही पाकिटं टाकायला गेला होतात. मजुरी मोजून दिली. आता मला चोर म्हणायचं असेल तर आधी घरात म्हणा.”

ती निघाली तेव्हा मागून ते म्हणाले, “आणि वहिनी, सासऱ्यांना सांगा, हिवाळ्याच्या कोटाचं माप देऊन जा म्हणावं.”

दुकानात सासरे नेहमीच्या जागी होते. पेटी स्टुलाखाली जरा तिरकी राहिलेली त्यांनी पाहिली असणार, कारण ती सरळ केलेली होती.

“पावती बघून आले,” ती म्हणाली.

“हं.”

“काल सकाळीच कळलं होतं तुम्हाला. नंबर सांगितला तेव्हाच.”

“हं.”

“आणि मला वाळवी दाखवता?”

सासऱ्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठलेला होता. “माणूस दोन घड्याळं घेऊन आला. दोन्ही माझी केलेली. म्हणाला, हे ऑनलाइन घेतलं, ह्याचं मशीन वडिलांच्या घड्याळात घाला. विकलेलं घड्याळ त्याचं. त्याने ते हातोडीने फोडलं असतं तरी मी कोण विचारणार? विकलेली वस्तू परत येते, हे माझ्या डोक्यात कसं येणार?”

“तीन वर्षं मी मागे बसून दुसरं काय करतेय?”

“मी मागे बघत नाही.”

“ते दिसलंच.”

रस्त्यावरून कोणीतरी सेल बदलायला आलं. सासऱ्यांनी सेल बदलला, पैसे घेतले.  साडेबारा झाले होते.

तिने अपिलाचा अर्ज उघडला. पावतीपुस्तकात कार्बनची प्रत होती, ती जोडता येणार होती. विकत घेणाऱ्याचं नाव कंपनीकडे होतं, ते पावतीवरच्या नावाशी जुळलं असतं. अडचण एकच होती. पावती फाडणारा विक्रेत्याचाच माणूस असेल तर पावतीला काडीची किंमत नाही. कारागीर स्वतंत्र आहे, तीदेखील इतर गिऱ्हाइकांसारखीच त्याच्याकडे काम देते, हे दाखवायला हवं होतं.

“४४७१ची वहीतली ओळ बघू.”

त्यांनी चालू वही सरकवली. नंबर, तारीख. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: घरचं. ती पानं उलटत मागे गेली. तीन वर्षांत तिने दिलेल्या प्रत्येक घड्याळापुढे तेच. घरचं. घरचं. एका पानावर सलग अकरा वेळा.

“हा शब्द बदला,” ती म्हणाली. “ह्या एका ओळीपुरता.”

“वहीत खाडाखोड होत नाही.”

“बाबा, एका शब्दाने बहात्तर घड्याळं भंगारात जातील.”

“चाळीस वर्षांत झाली नाही. आज ह्या पडद्यावरच्या लोकांसाठी होणार नाही.”

“मग काय करू? दुकानाला कुलूप लावू आणि तुमची वही छातीशी धरून बसू?”

 सासऱ्यांनी खणातून दुकानाचं नाव छापलेला कोरा कागद काढला, पेन झटकलं आणि न थांबता लिहिलं. लिहून झाल्यावर तारीख घातली, सही केली, शिक्का मारला आणि कागद काचेवरून तिच्याकडे ढकलला.

सदर बाई माझ्या दुकानच्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या धंद्याशी माझा कोणताही संबंध नाही. टेबलावर येईल ते घड्याळ, कुणाचंही असो, मी दुरुस्त करतो.

तिने ते दोनदा वाचलं. “चालेल हे.”

“चालवायलाच लिहिलंय.”

पत्र आणि पावतीची प्रत तिने दोन वाजून पाच मिनिटांनी पाठवली. वहीचं पान पाठवलं नाही. पाचला दहा मिनिटं असताना कंपनीचं उत्तर आलं. नाव जुळलं. दोष रद्द. खातं चालू. खाली सूचना होती की गिऱ्हाइकांचं समाधान हेच आपलं ध्येय आहे.

“झालं,” ती म्हणाली. सासऱ्यांनी मान हलवली. घरी जाताना दोघं वेगवेगळी गेली.

गुरुवारी सकाळी तिने नेहमीसारखी तीन घड्याळं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. दोन बंद होती, एक मागे पडत होतं. ती मागच्या फळीकडे वळली.

“उचला ती.”

“काय?”

“समोरून द्या. गिऱ्हाईक समोरून देतं.”

“बाबा, ते पत्र कंपनीसाठी होतं.”

“मी खोटं लिहून देत नाही.” त्यांनी वही उघडली, नंबर घातला, तारीख घातली. मग पेन हवेत धरून तिच्याकडे पाहिलं. “नाव?”

ती उभी राहिली. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर गिऱ्हाईक उभं आहे असंच वाटलं असतं.

“नाव सांगा बाई. मागे माणसं आहेत.”

मागे कोणी नव्हतं. तिने नाव सांगितलं, पहिलं, मधलं आणि आडनावही, जे दोघांचं एकच होतं. सासऱ्यांनी ते रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं. तिन्ही घड्याळांची मजुरी सांगितली, अर्धी आगाऊ मागितली. ती तिने काचेवर ठेवली.

त्यांनी पावती फाडून दिली. छापील ओळ तिने वाचली नाही, ती पाठ होती. पावती तिने फळीवरच्या खिळ्याला अडकवली आणि पाकिटांवर ऑर्डरचे नंबर चिकटवायला घेतले.