पिवळी हळद, लाल हात

"बगा रं, बगा! रगात!"

माळावर जमलेली शे-दीडशे माणसं एकदम मागे सरली. येसाजी भगताने जनाच्या तळहातावर हळद फासून वर तांब्यातलं तीर्थ ओतलं होतं, आणि हळद डोळ्यांदेखत लालभडक होऊन मनगटावरून ओघळत होती. आधीच्या चार बायकांच्या हातावर ती पिवळीच राहिली होती.

"हीच ती चेटकीण!" येसाजी गरजला. "कवळी भेंडी चिरते, बियातला जीव काडते, बाटलीत कोंडते! म्हनून शिवार पिवळं पडलं!"

पोपटने काठी हाणली. त्याच्या दीड एकरातलं भेंडीचं पान न् पान पिवळं होतं, आणि त्याच शेतात जना फुलांना लाल दोरे बांधायची. फटका उजव्या मनगटावर बसला. कातडी फाटली, हाड मोडल्याचा आवाज सुप्रियाला गर्दीच्या कडेला ऐकू गेला.

सुप्रिया जनाच्या मागोमाग धावत आली होती. भेंडीचं नवं वाण काढायची तिची प्रयोगशाळा, जिथे जना कामाला होती, गावकऱ्यांनी सकाळीच फोडली होती. कपाळात काच रुतलेली.

"दोरे मी बांधायला सांगितले!" ती गर्दीत घुसली. "रानभेंडीचा पराग घातलेल्या फुलाची ती खूण आहे!"

"मंग भेंडी कवळी का कापली?"

"त्या संकराचं बी पिकायच्या आत मरतं, पोपटदादा. आतला गर्भ कोवळा असतानाच काढून बाटलीत साखर-क्षारांवर वाढवला, तरच जगतो. पिवळ्या रोगाला न जुमानणारी भेंडी हवी ना तुम्हाला? जना जीव घेत नाही, वाचवते."

"ए पोरी, तुजी पुस्तकं धुऊन पी!" येसाजी हसला. "माजं तीर्थ खोटं बोलत नाय."

तीर्थाचे तांबे दोन होते. चार बायकांना एक, जनाला दुसरा. दुसऱ्याच्या काठावर पांढरं पूट होतं. गर्भाचं खाद्य किती आंबट आहे, हे सुप्रिया रोज रंग बघून तपासायची. हळदीचा असा लाल कशाने होतो, हे तिला ठाऊक होतं.

तिने झेप घेतली. कुणाचीतरी काठी तिच्या खांद्यावर बसली, पण तो दुसरा तांब्या हाती आला. तो तिने येसाजीच्या हळदीचा भंडारा माखलेल्या कपाळावर रिकामा केला.

भगताच्या कपाळातून लाल ओघळ वाहू लागले.

"आता याला मारा, पोपटदादा!"

पोपटने खरंच काठी उगारली. सुप्रियाने ती दोन्ही हातांनी धरली. "नको. लिंबू द्या."

पूजेतलं लिंबू तिने जनाच्या तळहातावर पिळलं. लाल हळद पुन्हा पिवळी झाली.

"तांब्यात चुन्याची निवळी होती. चुन्याने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी."

"मंग माजी भेंडी?"

"पान उलटून बघा. पांढरी माशी दिसेल. रोग ती पसरवते."

मनगटावरची एक रेघ मात्र लिंबाने पिवळी झाली नाही. लालच राहिली. पोपट त्या रेघेकडे बघत राहिला. काठी हातातून गळली.

जना दात आवळून म्हणाली, "ताय, पराग घातल्याला आज पंधरावा दिस. दोरेवाल्या भेंड्या आज नाय काडल्या तर बी मरंल."

पोपट शेताकडे वळला. दोरे न तोडता त्याने भेंड्या खुडल्या.

माशीवर काठी चालत नाही, म्हणून आपण ती बाईवर चालवतो. पुढच्या वेळी कुणाच्या हातावर रक्त दिसलं, तर काठी उचलायच्या आधी तेच तीर्थ भगताच्या कपाळावर ओता. मोडलेलं मनगट लिंबाने जुळत नाही.