बाबांची यादी

“बिनबंदाचे बूट, तळ न घसरणारा. हे दादानं घेतले,” धाकटी फोनवर बोट सरकवत म्हणाली. “न फुटणारा पेला, तो वहिनीकडं. सुती सदरे चार, ते माझ्याकडं. आता बोला बाबा, रंग कोणता आणू?”

बाबा खिडकीशी बसून ओठ हलवत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला.

“कुणाची यादी ही?”

“कुणाची म्हणजे? तुमची. वहिनीनं टाकलीय ना तुमच्या नावानं. या वर्षी शहाण्यासारखी दिलीत एकदाची.”

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळी भावंडं या घरी जमत. त्याआधी आठवडाभर प्रत्येकानं आपल्याला काय हवं त्याची यादी घरच्या ग्रुपवर टाकायची, हा सूनबाईचा शिरस्ता. वस्तू पाचच. किंमत लिहायची नाही. कुणी काय घेतलं, याचा यादीवाल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम धाकटीला कधीच जमला नव्हता. तिच्या पोटात काही राहतच नसे. आणि बाबांना पहिल्यापासूनच काही जमलं नव्हतं. ते दरवर्षी दोनच शब्द लिहीत: काही नको. त्यावर सून म्हणे, “बाबा, असं लिहिलं की देणाऱ्याला कोड्यात टाकल्यासारखं होतं.”

“पुढं वाच,” बाबा म्हणाले.

“पांढरे मोजे, सहा जोड. हातरुमाल डझनभर. आणि सदऱ्यांना नावाची पट्टी, कॉलरच्या आत, डाव्या बाजूला.” धाकटी हसली. “नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही हं तुमची.”

बाबा हसले नाहीत.

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तिथं त्यांना सगळे पट्टीमास्तर म्हणत. नवीन माणूस दाखल झाला की त्याच्या कपड्यांवर नाव शिवायचं काम त्यांचं. अक्षरं त्यांना शाळेत नाही, त्या कॉलरींमध्ये भेटली. माणसागणिक चेहरा वेगळा असे, पिशवीतलं सामान मात्र तेच. आधी बूट, मग पेला, मग सदरे, मोजे, रुमाल. हा क्रम कुणा घरच्या माणसाच्या डोक्यातून येणारा नव्हता. आश्रमाच्या ऑफिसातून मिळणाऱ्या छापील कागदाचा तो क्रम होता, आणि सूनबाईनं तो जसाच्या तसा उतरवला होता. या घरात तो ओळखू शकेल असा एकच माणूस होता, आणि यादी नेमकी त्याचीच होती.

“बाबा, काय झालं?”

“दादाला बोलाव.”

थोरला ओले हात पुसत आला. पाठोपाठ स्वयंपाकघरातला सूनबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

“कधी न्यायचंय?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“मला.”

थोरल्यानं बहिणीकडं पाहिलं. “तू वाचून दाखवलीस? ज्याची यादी त्याला सांगायचं नसतं, किती वेळा…”

“ज्याची यादी त्यानं लिहायची असते,” बाबा म्हणाले. “हा नियम तुमच्यात नाही वाटतं.”

थोरला खाटेच्या कडेला टेकला. “नुसतं नाव घालून ठेवलंय, बाबा. गेल्या महिन्यात तुम्ही गॅस चालू ठेवून फिरायला गेलात. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. जीव टांगणीला लागतो हो. एक तारखेला तिथं एक खोली रिकामी होतेय, म्हणाले.”

बाबांनी मान हलवली. तिथली खोली कशी रिकामी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तारीख आधीच सांगितली होती, म्हणजे त्या खाटेवरचा माणूस अजून श्वास घेत होता.

“मला विचारायचं होतंस.”

“विचारणारच होतो. म्हटलं सुट्टी होऊ दे. सगळे जमणार, त्यात कशाला विरजण?”

“म्हणजे मी माझ्या हातानं ते सदरे…” धाकटी म्हणाली.

“तुझा काय दोष,” बाबा म्हणाले. “फोन दे इकडं. यादीत फेरफार चालतो ना?”

“चालतो. पण पाच झाल्यात.”

“मोजे खोड.”

त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि एका बोटानं अक्षरं वेचायला सुरुवात केली. मध्येच एक वेलांटी सापडेना. धाकटीनं हात पुढं केला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला. बऱ्याच वेळानं एक ओळ पुरी झाली: ‘माझ्या याच खोलीच्या दाराला आतून कडी.’

थोरल्यानं वाकून ती वाचली. त्याचा चेहरा उतरला.

“बाबा, यादीत असलं काही मागत नसतात.”

“का रे? पाचांच्या आत आहे. किंमतही लिहिलेली नाही.”

आणि त्यांनी बटण दाबलं.

थोरल्याच्या खिशात फोन वाजला. स्वयंपाकघरातही एक वाजला. कुणीच उचलून पाहिलं नाही.