बिनटोकाचा चाकू

“टोक नसलेला चाकू मिळेल का, काका?”

चाकू घडवणाऱ्या बाकीसिओने कानस बाजूला ठेवली. दारात मुंदीना उभी होती, त्याच्या जिवलग मित्राची, बाइंजूची मुलगी. तिच्या डाव्या तळहाताला पट्टी होती.

पट्टादा गावात टोक नसलेला चाकू कुणी मागत नसे. अख्ख्या सार्डिनियात या गावाचं नाव होतं ते टोकदार, घडीच्या चाकूंसाठी.

“कुणासाठी गं?”

“बाबांसाठी.” ती दाराशीच थांबली. “गुरुवारी मी चुलीपाशी वाकले होते. ते चाकू उघडून मागून आले. त्यांना वाटलं, मेंढ्यांच्या कोंडवाड्यात चोर शिरलाय. हात मध्ये घातला म्हणून वाचले. नाहीतर इथंच…” तिने गळ्याला बोट लावलं. “काढून घ्यायला गेलं की अंगावर येतात. झोपतानाही मुठीत असतो.”

बाइंजूच्या मेंढ्या विकून दोन वर्षं झाली होती. तरी तो रोज पहाटे रिकाम्या कोंडवाड्यापाशी जाऊन शिट्टी घालायचा, हे गावाला ठाऊक होतं. गोष्ट इथवर गेली असेल, असं मात्र बाकीसिओला वाटलं नव्हतं.

त्याने चामड्याच्या तुकड्यावर तीन चाकू उघडून मांडले.

“हा आपला. पातं विलायती मेंदीच्या पानासारखं, पुढं निमुळतं. भाकरीपासून कोकरापर्यंत सगळं करतो. हा आर्बुस गावचा, पोट सुटलेला. कातडं सोलायला याच्यासारखा नाही, पण टोक याचंही लागतं. आणि हा ग्वस्पिनीचा, खाणकामगारांचा. सरकारनं टोकाला बंदी घातली होती ना, तेव्हाचा हा घाट.”

मुंदीनाने तिसऱ्याच्या बोथट शेंड्यावर अंगठा फिरवला.

“हा भोसकणार नाही.”

“पण कापेल. धार आहे त्याला.”

“धार नसलेला दिला तर त्यांना लगेच कळेल, काका. तेवढं अजून कळतं त्यांना.”

बाकीसिओ तिच्याबरोबर निघाला. बाइंजू अंगणात बाकावर उन्हाला बसला होता. मित्राला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“ये रे बाकीसिओ! अजून जिवंत आहेस?”

“तुझ्या आधी कसा जाईन? हे बघ, तुझ्यासाठी काय आणलंय. तुझा दे, जुना झाला तो.”

बाइंजूने नवा चाकू घेतला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. अंगठा पात्यावरून शेंड्याकडे गेला आणि तिथं थबकला.

“ग्वस्पिनीचा.” त्याने वर पाहिलं. “मी काय खाणीत उतरतो? तीस वर्षं तू घडवलेला चाकू खिशात बाळगतोय मी, आणि आज तू मला हे थोटूक देतोस?”

मुंदीना घाईघाईने पाणी घेऊन आली. पेला पुढे करताना पट्टीचा हात बापाच्या डोळ्यांसमोर आला.

“हे काय झालं गं?”

“डब्याचं झाकण लागलं, बाबा.”

बाइंजूने ती पट्टी बराच वेळ न्याहाळली. मग मित्राकडे वळला.

“ही खोटं बोलते. आईवर गेली आहे. तू सांग. कुणी केलं?”

“बाइंजू, जाऊ दे ना…”

“कुणी केलं, विचारतोय.”

“काका, नको,” मुंदीना पुटपुटली.

बाकीसिओने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“तू,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याने खिशात हात घातला आणि मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीचा चाकू बाहेर काढला. मुंदीना नकळत एक पाऊल मागे सरली. ते त्याने पाहिलं. पातं मिटलेलंच होतं. त्याने तो चाकू मुठीकडून तिच्यापुढे धरला.

“घे,” तो म्हणाला. “मी मागितला तरी देऊ नकोस. शिव्या दिल्या तरी.”

दुपारी तिने टेबलावर भाकरी, चीज आणि ऑलिव्ह मांडले. बाकीसिओलाही बसवून घेतलं. बिनटोकाचा चाकू बाइंजूच्या ताटलीशेजारी उघडा ठेवला होता. कळायला लागल्यापासून या माणसाची भाकरी दुसऱ्या कुणी कापली नव्हती, बायकोनेसुद्धा नाही.

बाइंजूने चाकूला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो ताठ बसला, आणि भाकरी लेकीकडे सरकवली.

“तू काप,” तो म्हणाला. “जरा बारीक काप.”