हॅदरक्लोच्या हॉलमधला गुणफलक

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे. बास्केटबॉलच्या सामन्यात कोणाचे किती गुण झाले ते सर्वांना दिसावे म्हणून भिंतीवर टांगतात, तो मी. यॉर्कशायरच्या डोंगरांत हॅदरक्लो नावाचे लोकरीच्या गिरण्यांचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये मी जन्मलो. आता माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे.

माझा जन्मदाता व्हिलिस ग्राउडिन्श. तो लाटव्हियाचा. दुसऱ्या महायुद्धात त्याचे घर गेले, गाव गेले, आणि तो व त्याचे सात सोबती इथल्या गिरणीत मागावर कामाला लागले. त्यांना इंग्रजी धड येत नव्हते. गावाला वेड रग्बीचे, आणि ते त्यांना कळत नव्हते. बास्केटबॉल मात्र ते लहानपणापासून खेळत आले होते. त्यांनी हॉलच्या दोन भिंतींवर लोखंडी कड्या ठोकल्या. सुताच्या बॉबिनच्या खोक्यांच्या फळ्या रंधून व्हिलिसने मला घडवले, हिरवा रंग दिला, चार खिळे मारले आणि त्यांवर अडकवायला पत्र्याच्या पाट्यांवर आकडे रंगवले.

पहिल्याच शनिवारी गिरणीचा मुकादम हॅरल्ड सग्डन दारात येऊन उभा राहिला आणि पोट धरून हसू लागला.

"अरे, हा तर आमच्या पोरी शाळेत खेळतात तो खेळ! परकर आणून देऊ का रे तुम्हाला?"

"आणा की," व्हिलिस म्हणाला. "पण आधी एक चेंडू टाकून दाखवा."

हॅरल्डने अकरा चेंडू टाकले. एकही कडीत गेला नाही. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. मग तो येतच राहिला, आणि आमच्या संघासाठी त्याच्याइतका मोठ्याने ओरडणारा माणूस त्या हॉलमध्ये दुसरा झाला नाही.

माझी खरी सोबतीण मात्र एनिड अ‍ॅक्रॉइड. ती गिरणीत कापड तपासायची. विणताना सुटलेला धागा तिच्या नजरेतून निसटत नसे. तो ती असा रफू करायची की जागा ओळखू येऊ नये. अशा नजरेची बाई गुण मोजायला हवी, म्हणून संघाने तिला बोलावले. हॉलची किल्ली तिच्याकडेच असे. सामना सुरू झाला की ती वहीत गुण लिहायची आणि उठून माझ्या पाट्या बदलायची.

सन त्रेसष्टच्या मार्च महिन्यात आम्ही पहिल्यांदा विभागीय कपाच्या अंतिम सामन्यात पोहोचलो. समोर डोंगरापलीकडच्या लँकेशायरचा रॉसनबी संघ. त्यांच्याशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाकडे! हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझ्यावर आकडे होते अठ्ठावन्न आणि सत्तावन्न. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो. हॅरल्डने आनंदाच्या भरात पाद्रीबाबांच्या टकलाचा मुका घेतला. कप्तान व्हिलिसच्या हातात कप आला.

एनिड वहीतल्या गुणांची बेरीज करत होती. तिने ती एकदा केली, दोनदा केली. तिसऱ्यांदा करताना तिने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवले. वही तिच्याच हातात होती. ती मिटून टाकली असती तर कोणाला काही कळले नसते. पण ती उठली आणि पंचांपाशी गेली.

"फलकावर आमचा एक गुण जास्त लागलाय. चूक माझी आहे. व्हिलिसच्या दुसऱ्या फ्री थ्रोचा चेंडू कडीवर फिरला आणि बाहेर पडला, पण मी आधीच पाटी बदलली होती. वहीत सत्तावन्नच आहेत."

पंचांनी वही हातात घेतली.

"एनिड, गप बस ना पोरी!" हॅरल्ड कळवळून म्हणाला. "तुला कुणी विचारलंय का?"

"कुणी विचारणार नाही, म्हणूनच सांगतेय."

तिने स्वतःच्या हाताने माझ्यावरचा आठ काढला आणि सात लावला. बरोबरी झाली, म्हणून पंचांनी पाच मिनिटे वाढवून दिली. त्या पाच मिनिटांत आम्ही तीन गुणांनी हरलो. तेही गुण तिनेच लावले, एकही पाटी वाकडी न ठेवता.

"लोकांच्या कापडाला रफू करतेस, आणि आपल्या संघाचं कापड फाडलंस!" असे हॅरल्ड गिरणीत तिला सर्वांदेखत बोलला, हे मला पुढे हॉलमधल्या बोलण्यातून कळले. पुढच्या शनिवारी सकाळी ती आली. व्हिलिस एकटाच फरशी पुसत होता. तिने टेबलावर किल्ली ठेवली.

"दुसरं कुणीतरी बघा," ती म्हणाली.

व्हिलिसने किल्लीला हात लावला नाही. फडके बादलीत टाकून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"मिस अ‍ॅक्रॉइड, तो फ्री थ्रो चुकला हे मला माहीत होतं. टाकला मीच होता ना! नंतर फलकाकडे नजर गेली. आकडा खटकला. मी मान फिरवली. कप हातात घेतला तेव्हाही गप्प राहिलो. चुकला होता माझा नेम, चुकलं होतं माझं मन. आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. तुम्ही गेलात, तर मला इथे खेळता यायचं नाही."

एनिडने किल्ली उचलून कोटाच्या खिशात टाकली.

"त्या कोपऱ्यात पाणी राहिलंय," ती म्हणाली. "नीट पुसा."

पुढच्या हंगामात रॉसनबीचा संघ आमच्याकडे आला. त्यांचा कप्तान आधी एनिडच्या टेबलापाशी गेला आणि काकवीच्या टॉफीचा डबा तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "बाई, आमच्या गावच्या सामन्यांनासुद्धा तुम्हीच येत चला. आमच्या गुण लावणाऱ्यावर आमचाच भरवसा नाही!" सगळ्यांत आधी हॅरल्डला हसू फुटले. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि तिच्यासाठी चहा आणायला तो स्वतः उठला.

त्यानंतर एनिडने आणखी बावीस वर्षे माझ्या पाट्या बदलल्या. पुढे गिरणी बंद पडली. संघ मोठा झाला, नव्या क्रीडागृहात गेला. तिथे विजेचा फलक होता. मला त्याच क्रीडागृहाच्या बॉयलरच्या खोलीत ठेवले. एनिडने मला रुमालाने पुसले, पाट्या क्रमाने लावून पिशवीत बांधल्या आणि थोडा वेळ माझ्यावर तळहात टेकून ती उभी राहिली. ती मला पुन्हा दिसली नाही. ओलीने माझ्या फळ्या फुगल्या, पिशवी उंदरांनी कुरतडली. व्हिलिस गेला, हॅरल्ड गेला, एनिड गेली; हे सारे मी झाडलोट करणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकले. पुढे तो मोठा संघही मोडला.

काही वर्षांपूर्वी शाहिदा मीर नावाच्या शिक्षिकेने गावात पुन्हा संघ उभा केला, तोही मुलींचा. विजेचा फलक केव्हाच बिघडला होता. तिने मला बाहेर ओढले, घासले, रंगवले. गंजून गेलेला तीनचा आकडा तिने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून नवा कापला.

पहिल्या सामन्यात पाहुण्यांचे एकाहत्तर झाले आणि आमचे नऊ.

"मिस, तो फलक उलटा करा ना," टेगन नावाची लहानखुरी कप्तान रडवेली होऊन म्हणाली. "सगळे फोटो काढतायत."

"का गं? हे नऊ कुणी केले?"

"आम्ही."

"कुणी दया म्हणून दिले?"

"नाही! धडपडून केले."

"मग राहू देत. आपले आहेत ते."

मुलींनी डोळे पुसले, माझ्याखाली रांगेत उभ्या राहिल्या आणि नवाच्या पाटीसह फोटो काढून घेतला. पुढच्या शनिवारी त्यांचे चौदा झाले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून बघा. आम्हाला कोरडी भिंत आणि वर्षातून एकदा तेलाचा हात पुरतो. माणसांना मात्र तेवढे पुरत नाही. तुमच्याही मैदानावर कुणीतरी किल्ली सांभाळत असेल, फरशी पुसत असेल, गुण मांडत असेल. टाळ्या खेळाडूंसाठी वाजवा, पण घरी निघताना त्या टेबलापाशी क्षणभर थांबा आणि दोन शब्द बोला. ते शब्द वेळेवर बोला. ती माणसे निघून गेल्यावर बोललात, तर ऐकायला माझ्यासारखे लाकूडच उरते.