बाराच्या आत

नूतनने डबा भंतेजींसमोर ठेवला, पण झाकण काही उघडलं नाही. विहारातल्या घड्याळात पावणेबारा झाले होते. बारानंतर भिक्खूला जेवण चालत नाही आणि तोंडाने मागणंही चालत नाही, हे शिरपूरच्या त्या वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक. आषाढी पौर्णिमेच्या भोजनदानाची पाळी तिने मुद्दाम मागून घेतली होती. बसू दे उपाशी!

अकरा वर्षांपूर्वी हेच भंतेजी तिचा नवरा जितेंद्र होते. दहा दिवसांपुरतं भिक्खू व्हायच्या श्रामणेर शिबिराला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. सासू भिकुबाई तिच्या गळ्यात पडून रडली. त्या एका रडण्यापायी नूतन त्या घरात राहिली, माहेरहून दुसऱ्या लग्नाचे निरोप येत असतानाही.

भिकुबाई शेजारीच पांढऱ्या साडीत, रिकामं ताट घेऊन बसली होती. सकाळीच तिने अष्टशील घेतलं होतं, म्हणजे आज तिलाही बाराच्या आतच जेवायचं.

"वाढ ना माय, बारा वाजाले उनात," ती कुजबुजली.

नूतन हलली नाही.

"भंतेजी, ब्रह्मचर्याचं शील तुम्ही मागून घेतलंत. मी न मागता अकरा वर्षं पाळतेय. दीक्षा देताना बायकोला विचारत नाहीत का?"

भंतेजींची नजर पात्रातच होती.

"आईवडिलांची परवानगी घेतात. वडील नव्हते. आईने दिली."

"कधी?"

"शिबिराला निघालो, त्याच्या आदल्या दिवशी."

नूतनने सासूकडे पाहिलं. म्हातारीने मान वर केली नाही. म्हणजे ते रडणं सगळं खोटं! आणि आपण हिचे पाय चेपले, हिच्या मोतीबिंदूसाठी रजा काढल्या. नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाराला पाच मिनिटं असताना तिने डबा उघडला. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, वरण, सगळंच्या सगळं तिने पात्रात रिकामं केलं. तळाशी चिकटलेलं भरीतही चमच्याने खरवडून वाढलं. भंतेजी घाईघाईने जेवू लागले.

भिकुबाईने ताट पुढे सरकवलं.

नूतनने रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि घड्याळाचे दोन्ही काटे जुळेपर्यंत तशीच बसून राहिली.

"आत्याबाई, तुम्हनं अष्टशील शे ना? बारा वाजी ग्यात. आते सकायले खावा," ती उठत म्हणाली. "सैपाक मात्र तुम्हलेच करना पडी."