बिनशेपटाची सायकल

मी घोडवाट बोलतेय. हसू नका. येता-जाता "काय मेली ही वाट!" म्हणून माझ्याच अंगावर थुंकता, तेव्हा मी ऐकत असेन असं तुमच्या मनातही येत नाही. मी सगळं ऐकते. त्यातली एक गोष्ट तर माझ्या पोटात अशी रुतून बसली आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी मेळघाटातली. वर पठारावर कोरकू लोकांचे ढाणे, म्हणजे वाड्या, खाली काळ्या रानाला लागून धावडी नावाचं गाव, आणि मधल्या सागाच्या जंगलातून वळणं घेत उतरणारी मी. कुण्या गोऱ्या साहेबाला घोड्यावर बसून शिकारीला जायचं होतं, म्हणून धावडीच्या गरिबांकडून मला फुकटात खोदून घेतलं. साहेब गेला, घोडा गेला, नाव तेवढं मला चिकटलं. मग कितीतरी वर्षं रानडुकरांशिवाय कोणी फिरकत नव्हतं.

स्वराज्य आलं आणि पाठोपाठ सायकली आल्या. वर सीताफळं, चारोळी, बांबूच्या टोपल्या, आणि खाली चांदूर बाजारचा बाजार. लोक सायकल ढकलत वर न्यायचे, दोन्ही अंगांना टोपल्या बांधायचे आणि माझ्या उतारावर सोडून द्यायचे. त्या काळ्या, जड सायकली! माल भरला की ब्रेक नुसता नावाला. म्हणून या लोकांनी एक युक्ती काढली होती. वर जंगलखात्याच्या नाक्यापाशी पानांनी भरलेली एक फांदी तोडायची, दोरीनं कॅरिअरला बांधायची आणि मागे फरफटत आणायची. फांदी सायकलला ओढून धरायची. तिला सगळे शेपूट म्हणायचे. "शेपूट बांधलं का बे?" असं विचारल्याशिवाय कोणी कोणाला खाली सोडत नसे. पायथ्याशी जानराव कुणब्याचं चहाचं हॉटेल होतं, तिथं शेपूट टाकायचं. वाळलं की जानरावच्या चुलीत जायचं. त्या फांद्यांनी माझ्या पाठीवर ओरखडे पडायचे, पण खरं सांगू? मला बरं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाची कोणी पाठ खाजवून दिली की कसं वाटतं, तसं.

उतरण्यात सगळ्यांत पटाईत होता पुंजाजी. हा गडी पूर्वी मोहाची दारू पिऊन माझ्यावर लोळलेला मी पाहिला आहे, खोटं कशाला बोलू? त्याची बायको मनकर्णा हातात कंदील घेऊन त्याला शोधत यायची आणि रडत रडत घरी न्यायची. पण छप्पन साली पुंजाजी वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, दारू सोडायची शपथ घेतली आणि नंतर थेंबालासुद्धा शिवला नाही. मनकर्णा त्या हिवाळ्यात गाणं गुणगुणत माझ्यावरून वर गेली होती. तिला गाता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मनकर्णेचा धाकटा भाऊ देवमन. आई-बाप लहानपणीच गेले, म्हणून तो बहिणीकडेच वाढला. पुंजाजीनं सीताफळं विकून विकून या मेहुण्याला सातवी फायनलपर्यंत शिकवलं आणि देवमन जंगलखात्यात नाकेदार झाला. वस्तीतला पहिला सरकारी माणूस! नेमणूकही माझ्याच माथ्यावरच्या नाक्यावर. पुंजाजी तर दिसेल त्याला थांबवून सांगायचा, "आमचा देवा खाकीत पाह्यला काय? इन्स्पेक्टर वाटते लेकाचा!"

आणि इथूनच सगळं बिनसलं.

एक दिवस रेंजर साहेब माझ्यावरून चालत वर आले. सोबत देवमन होता. साहेब म्हणाले, "सोयऱ्या-धायऱ्यांना फांद्या तोडू देतोस म्हणे. अजून कायम झालेला नाहीस तू. यापुढे एक जरी फांदी खाली गेली, तर बिल्ला काढून ठेवायचा." देवमननं मान डोलावली. बुटाच्या टोकानं माझी माती उकरत राहिला. मला कळतं ना, माझ्यावरच उभा होता तो.

दुसऱ्या सकाळी नाक्यावर पहिला आला तो पुंजाजी. बाजाराचा दिवस, दोन्ही टोपल्या सीताफळांनी भरलेल्या, मागे मस्त पानेदार शेपूट. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"भाऊजी, फांदी सोडा," देवमन म्हणाला.

"मस्करी करून राहिला काय बे?"

"मस्करी नाई. सायबाचा हुकूम हाय."

"मंग खाली जाऊ कसा? उडत?"

"सायकल हातात धरून पायी उतरा."

"भरल्या टोपल्याईची सायकल? थे मलेच ओढून नेईन ना बापा! अन बाजार उठून जाईन थे येगळंच. आजच्या दिस जाऊ दे, उद्या पाहू."

देवमननं नुसतं तोंड फिरवलं असतं तरी भागलं असतं. लहानपणापासून तो याच उतारावर पुंजाजीच्या मागे, शेपटाची धूळ खात पळाला होता. फांदीशिवाय काय होतं हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. पण पहिलाच माणूस आपला, आणि त्यालाच सोडलं तर? लोक म्हणतील, यांना नोकऱ्या दिल्या की असंच होतं. त्या भीतीनं तो आंधळा झाला. तो खाली वाकला आणि स्वतःच्या हातानं त्यानं दोरीची गाठ सोडली.

पुंजाजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बरं, नाकेदार सायेब."

मग टांग मारली आणि निघाला.

अर्ध्या उतारापर्यंत त्यानं सायकल सांभाळली. ब्रेक करकरत होते. त्यानं वहाणेचा तळ चाकावर दाबून धरला होता. पण पुढे माझं एक वळण आहे, लोक त्याला कानपिळं म्हणतात, कारण तिथं मी एकदम कान पिळल्यासारखी वळते. तिथं एक दगड वर आलेला होता. माझ्याच अंगातला दगड. इतके पावसाळे गेले, इतकी माती वाहून गेली, तो दगड तेवढा मी सोडला नव्हता. चाक त्यावर गेलं, सायकल उलटली आणि पुंजाजी गुडघ्यावर आपटला. सीताफळं फुटून माझ्यावर सगळा चिकचिकाट झाला.

आवाज ऐकून देवमन धावत आला. "भाऊजी! भाऊजी!" त्याला रडू आवरेना. पुंजाजी कळा सोसत दात आवळून होता, पण त्यानं देवमनचा हात झटकला.

"तू वर जा."

"असं कसं जाऊ?"

"जा म्हनतो ना! तू इथं नोयताच. सायबाचा हुकूम तोंडी हाय. उद्या थो कानावर हात ठेवंन अन सगळं तुह्यावर येईन. नोकरी पक्की नाई तुही अजून. जा!"

खालून सायकली ढकलत येणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. देवमन उठला, क्षणभर घुटमळला, आणि गेला. हो, गेला. कळवळणाऱ्या माणसाला माझ्यावर टाकून तो वर गेला. त्याच्या पायांखाली मला इतकी लाज वाटली होती की काय सांगू!

लोकांनी पुंजाजीला बाजेवर घालून खाली आणलं. दवाखाना झाला, जीव वाचला, पण गुडघा आखडला तो आखडलाच.

आणि मग जानरावच्या हॉटेलात तोंडं सुटली. "शुद्धीतला मानूस बिना शेपटाचा उतरते काय?" जानराव म्हणाला. "मोहाची मारली असंन. शपथ घेतल्यानं सवय जाते काय कुठं?" लोक खी खी करून हसले. तिथून जो निघाला तो हीच गोष्ट घेऊन निघाला. पुंजाजीला विचारलं की तो म्हणायचा, "नाई पेलो." मग लोक विचारायचे, "तं मंग शेपूट काऊन नाई बांधलं?" त्यावर तो गप्प. मनकर्णेनं विचारलं तेव्हाही गप्प. बिचारीनं काय समजावं? तिनं त्याच्या दारूपायी आधी इतकं भोगलं होतं की तिला ते खरंच वाटलं. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याच्याऐवजी स्वतः डोक्यावर टोपली घेऊन माझ्यावरून चढ-उतर करायला लागली. गाणं नाही, काही नाही.

गंमत बघा, रेंजर साहेबांनी पुन्हा कधी फांदीचं नावही काढलं नाही. देवमननंही त्यानंतर कोणाला अडवलं नाही, म्हणून तो हुकूम कोणाला कळलाच नाही आणि सगळे पूर्वीसारखे शेपूट बांधत राहिले. देवमन आता स्वतःच फांदी हातात द्यायचा आणि गाठ दोन-दोनदा ओढून बघायचा. कोणी म्हणालं, "नाकेदार, लय मायाळू झाले तुमी," की त्याचं तोंड काळं पडायचं. कानपिळ्यावरून जाताना तो त्या दगडाकडे बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा. बोल ना रे बाबा, एकदा बोलून टाक! मी त्याच्या बुटांत खडे घालायची. टोच टोच टोचायची. तो थांबायचा, बूट झटकायचा आणि पुन्हा मुकाट्यानं चालायला लागायचा.

उन्हाळा आला. एक दिवस मनकर्णा चारोळीची टोपली घेऊन उतरत होती, आणि नेहमीप्रमाणे देवमननं ती टोपली आपल्या डोक्यावर घेतली. कानपिळ्यापाशी ती म्हणाली, "देवा, आज सायंकाळी शालूले घेऊन अकोल्याले चालली मी." शालू म्हणजे तिची पोरगी. "मावशी हाय तिथं. गिरनीत काम लागते म्हने."

"अन भाऊजी?"

"थो हाय, अन त्याची बाटली हाय."

देवमननं टोपली खाली ठेवली. "बाई," तो बहिणीला म्हणाला, "भाऊजी त्या दिशी पेले नोयते."

"तुले का माहीत?"

"शेपूट बांधेल होतं त्यायनं. म्या सोडलं. या हातानं सोडलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. हुकूम, गाठ, पडल्यावरचं बोलणं, वर निघून जाणं. मनकर्णा मटकन खाली बसली. "मले दहादा म्हनलं त्यायनं, नाई पेलो. अन म्या तोंड फिरवलं. ताट बी पायानं सरकवलं वं माय!" ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. देवमननं तिचे हात धरले. ते तिनं झिडकारले आणि उठली.

"मले कायले सांगतं? खाली चाल. ज्यायनं त्याले दारुडा म्हनलं, त्याईच्या म्होरं सांग."

पायथ्याशी हॉटेलात पाच-पंचवीस माणसं होती. पुंजाजी बाहेर दगडावर बसला होता. टोपल्या बैलबंडीत चढवायला तो रोज तिथं येऊन बसायचा. देवमननं डोक्यावरची खाकी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर बोलला. काही लपवलं नाही. जानरावच्या हातातली किटली तशीच राहिली. "अरे बापा!" एवढंच तो म्हणाला.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. आता पुंजाजी उठेल, पोराला पोटाशी धरेल.

पुंजाजी उठला खरा, काठी टेकत. पण पोटाशी धरलं नाही, ओरडला.

"काऊन बोलला बे? कोनं इचारलं होतं तुले? लोक दारुडा म्हनत होते तं म्हनू दे ना! पाय गेला तं म्या म्हनलं, जाऊ दे, पोराची नोकरी तं राह्यली. आता थे बी घालवली तुवं. मंग माहा पाय कायले गेला रे?"

देवमन मान खाली घालून उभा होता. मनकर्णा पुंजाजीजवळ गेली आणि त्याच्या दगडावर बसली. तिची बस मात्र त्या संध्याकाळी तिच्याशिवाय गेली.

पुढे पुंजाजी म्हणाला होता तसंच झालं. गोष्ट साहेबांच्या कानावर गेली आणि साहेब म्हणाले, "असा हुकूम मी दिलाच नव्हता." देवमनचा बिल्ला गेला. मनकर्णा जाणार होती त्या अकोल्याला मग देवमनच गेला, गिरणीत. जाताना भाऊजींच्या पाया पडायला थांबला होता. पुंजाजी घरातून बाहेर आला नाही.

आता पलीकडून मोटारीचा पक्का रस्ता झाला आहे. माल ट्रकनं उतरतो. माझ्यावर घाणेरीची झुडपं माजली आहेत, आणि कानपिळं तर पावसानं अर्धं तुटून खाली गेलं. गेलं तर गेलं. मला त्याचं काही वाटत नाही. मला एकच गोष्ट खाते. मीच त्या पोराला टोचून टोचून बोलायला लावलं. तो बोलला म्हणून मनकर्णेचं घर राहिलं, हे खरं. तो बोलला म्हणून पुंजाजीनं एवढं सोसलेलं पाण्यात गेलं, हेही खरंच. पुन्हा वेळ आली तर मी खडे घालीन की नाही, मला सांगता येत नाही.

माझ्या पायथ्याशी हल्ली एसटी थांबते. पुंजाजी काठी टेकत येतो आणि उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघत बसतो. "कोनाची वाट पाह्यता बुवा?" असं कोणी विचारलं की भडकतो, "कोनाची नाई! तुले काय करा लागते?" शेवटची गाडी गेल्यावरच घरी जातो.

तुम्ही वाचणारी माणसं, अकोल्याला कधीतरी जात असाल. गिरणीवर देवमन नावाचा एखादा अबोल गडी भेटला तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, भाऊजींचा राग गेलेला नाही. दगडावरून उठून काठी उगारतील, चारचौघांत शिव्या घालतील. तरी ये.