मावशीचे पुस्तक आणि मी

मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी अक्षरे पुसट झाली आहेत आणि एक-दोन कळा दाबल्या की कुरकुरतात. कारखान्यात मला घडवताना दोन कळांवर बारीक उंचवटे ठेवले होते, न बघताही बोटांना आपली जागा सापडावी म्हणून. कधी न भेटलेल्या बोटांची कुणीतरी एवढी काळजी केली, याचे मला अजून नवल वाटते.

मित्रांनो, मी संकेतस्थळे बनवणाऱ्या एका ताईकडे कामाला होतो. तिने वाचनालयासाठी घरबसल्या पुस्तक मागवायचे संकेतस्थळ बनवले. दिसायला मोठे देखणे. सगळ्यांनी वाहवा केली.

ताईच्या मावशीला दिसत नसे. पडद्यावरचे वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज ऐकत ती सारे काम माझ्यावरच करी. कानांनी ऐकायची बोलकी पुस्तके तिच्या जिवाची सोबत. पण ती मागवायला दर वेळी कुणाची तरी मनधरणी करावी लागे.

"आता माझं पुस्तक मीच मागवणार," म्हणत ती बसली.

आवाज म्हणाला, "चित्र. चित्र. बटण."

"कसलं बटण गं?" मावशीने ताईला विचारले.

"अगं, ते हिरवं."

"हिरवं कोणत्या कानाने ऐकायचं?"

ताईला हसू आले, पण मावशी उठली. "राहू दे. तूच दे मागवून."

ते शब्द ताईच्या मनाला लागले. तिने माउस खणात टाकला, पडदा बंद केला आणि माझ्यावर बोटे ठेवून स्वतः पुस्तक मागवू लागली. दुसऱ्याच पायरीवर अडकली.

मग ती झपाटून कामाला लागली. चित्रांना शब्द दिले, बटणांना नावे दिली. रंगाने सांगितलेले शब्दांतही सांगितले. माझ्या कळांनी सगळीकडे पोचता येईल अशी वाट केली. वापरणाऱ्याचे कुठे चुकले, तर ते साध्या भाषेत कळेल असे केले. जुन्यापुराण्या फोनवरही चालवून पाहिले. थरथरत्या हातांमुळे माउस धरता न येणारे शेजारचे आजोबासुद्धा नंतर तिला दुवा देऊ लागले. ताईसारखी दुसऱ्याची काळजी करणारी माणसे पाहिली की माझ्या कळा आपसूक हलक्या होतात.

मावशी पुन्हा बसली. थोड्या वेळाने आवाज म्हणाला, "तुमचे पुस्तक राखून ठेवले आहे."

"कोणतं मागवलंस?" ताईने विचारले.

"तुला कशाला सांगू? माझं मी मागवलंय."

ताईने डोळे पुसले आणि ती हसली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही बनवाल. ते वापरताना कुणाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागू नये, एवढे जपा. मावशीने कोणते पुस्तक मागवले, ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही.